बिनखिळ्याचं घर

"खिळा एकसुद्धा नको," आत्या म्हणाली.

मी कागदावरून मान वर केली. "अगं, ओंडक्यांच्या भिंती उभ्या करायच्यात. खिळे नाहीत तर कोपरे धरणार कशानं?"

"खाचांनी. खालच्या ओंडक्याला खाच पाडायची, वरचा आडवा त्यात बसवायचा. लागलंच तर लाकडाची खुंटी ठोकायची. मी मासिकात चित्रं बघितलीत. थंड मुलखात सगळी घरं अशीच असतात."

"त्या मुलखात आपल्यासारखा पाऊस नसतो."

"म्हणून तर तुला बसवलंय. पावसाचं तू बघ. खिळा आणि सिमेंट मात्र माझ्या घराला लागता कामा नये."

"जोत्यालासुद्धा सिमेंट नको?"

"नको. चिरे नीट घासून नुसते एकावर एक बसवायचे. आणि एकही ओंडका पंधरा फुटांपेक्षा लांब नको."

"ते का?"

"लांब लाकूड वाकतं."

पस्तीस वर्षं वॉर्डातल्या मुलींना ज्या आवाजात तिनं कामं सांगितली असतील, त्याच आवाजात ती हे बोलत होती. मी लिहून घेतलं.

आम्ही दोघी चिवेघोळच्या आमच्या माळावर, तोडून टाकलेल्या सिल्व्हर ओकच्या खोडांवर बसलो होतो. आंबोलीच्या अलीकडे, घाटमाथ्यावर हे गाव आहे. रस्त्याला लागून आमचं घर, मागे हा माळ, आणि माळ संपतो तिथं एकदम दरी. मी तेव्हा सावंतवाडीला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची नोकरी करत होते आणि शनिवारी घरी यायचे. प्रभावती आत्या सरकारी दवाखान्यातून नुकतीच निवृत्त झाली होती. तिनं लग्न केलं नव्हतं. नोकरी मिरज, सातारा, नगर अशी गावोगाव झाली. रजेवर येताना ती कुठून तरी रोपं आणायची आणि माळाच्या बांधावर लावून जायची. त्यांचीच आता ही झाडं झाली होती, सरळसोट, विजेच्या खांबांसारखी.

माळ मात्र माझ्या बाबांच्या नावावर होता. आजोबा गेल्यावर आत्यानं आपला हक्क सोडून दिला होता. बहिणी देतात तसा.

आत्यानं घराचा विषय काढला तेव्हा बाबांनी आधी नाक मुरडलं. ते हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. घरातही ते वर्गात बोलावं तसंच बोलत.

"प्रभे, बांधायचंच तर स्लॅबचं बांध. लाकूड म्हणजे वाळवीची धन."

"मला लाकडाचंच हवंय, दादा. तुझी परवानगी असेल तर."

"परवानगी कसली? माळ तुझाच आहे की."

"मग एवढं कर. झाडं तोडायला लोक येतील, तेव्हा पंचांसमोर सांग, झाडं बहिणीची आहेत म्हणून. म्हणजे मला हेलपाटे नकोत."

बाबांनी मोठ्या मनानं तसं लिहूनही दिलं. संध्याकाळी मला पडवीत बोलावून म्हणाले, "वैजू, ती म्हणते तसा नकाशा काढून दे. वाद घालू नकोस. पैसा तिचा, जागा आपली. तिच्यामागं कोण आहे? उद्या संदेश पुण्याहून बायकोपोरांना घेऊन आला तर त्याला बरं."

संदेश माझा धाकटा भाऊ. त्याचं तेव्हा लग्नही ठरलेलं नव्हतं, पण त्याच्या पोरांसाठी आत्याचं घर ठरलं होतं.

त्या उन्हाळ्यात माझा प्रत्येक रविवार त्या नकाशात गेला. पंधरा फुटांच्या अटीमुळे मोठा दिवाणखाना निघेना. शेवटी मी तीन छोट्या खोल्या अशा गुंफल्या की एकीची भिंत दुसरीला आधार देईल. छप्पर चारी बाजूंनी पुढं काढलं, म्हणजे पावसाची झड भिंतीला लागणार नाही. लाकूड वाळताना आकसतं आणि भिंत हळूहळू खाली बसते, म्हणून प्रत्येक दारा-खिडकीच्या डोक्यावर चार बोटं मोकळी सोडली, नाहीतर चौकटी चेपल्या असत्या. दोन ओंडक्यांमध्ये भरायला काथ्या. वर मंगलोरी कौलं. अगरबत्तीच्या काड्यांचा एक नमुना करून मी आत्यापुढं ठेवला, तेव्हा तिनं त्याच्या भिंती एकेक काडी करून उचलल्या आणि पुन्हा जागेवर बसवल्या. लहान मुलीसारखी खूश झाली.

एक गोष्ट मात्र मला सारखी टोचायची. घर बांधणारं माणूस आधी विचारतं, खिडकीतून काय दिसेल? आणि इथं तर समोर अख्खी दरी होती. सकाळी धुकं असं वर चढून यायचं की बघत राहावं. मी दोनदा विचारलं, "आत्या, तुझा पलंग दरीकडे तोंड करून ठेवू का?"

"ठेव कुठंही," ती म्हणाली.

ओंडके सोलून वर्षभर मांडवात वाळवले. पुढच्या दिवाळीनंतर पुंडलिक मेस्त्रींनी काम सुरू केलं. एकेक ओंडका तयार झाला की आत्या स्वतः जाऊन त्याच्या टोकाला पटाशीनं खूण करायची आणि तीत लाल रंग भरायची. कोणती भिंत, कितवा थर. मेस्त्री हसायचे. "सिस्टर, मला काय कळत नाही होय कुठला कुठं जातो ते?"

"तुम्हाला कळतं हो. मला कळायला हवं ना."

भिंती छातीएवढ्या झाल्या तशी रस्त्यावरून जाणारी माणसं थांबू लागली. गोव्याच्या गाड्या थांबायच्या, बायका भिंतीला टेकून फोटो काढून घ्यायच्या. बाबांचा सूर बदलला. ते पाहुण्यांना हाताला धरून माळावर न्यायचे. "या, आमचं घर दाखवतो. खिळा नाही बघा एक. मुलीनं नकाशा काढलाय."

आत्या ऐकायची आणि हसायची. नुसती हसायची नाही, तर त्यांच्या हौसेला खतपाणीही घालायची. "दादा, पुढचं दार कुठल्या बाजूला असावं? तू सांगशील तसं." "दादा, न्हाणीघर दोन माणसांचं करू की चार?" बाबा टेप घेऊन खोल्या मोजत फिरायचे. त्या माळावर तिनं त्यांना जितका मान दिला तितका आमच्या घरात कुणी दिला नसेल. मला ते बघून बरं वाटायचं. म्हातारपणी भावा-बहिणीचं जमतंय असं वाटायचं.

कौलं चढली आणि बाबांनी पणजीचा एक हॉटेलवाला आणला. तो तासभर घरातून फिरला, ओंडक्यांवर टिचक्या मारून बघितल्या. तो गेल्यावर जेवताना बाबांनी विषय काढला.

"प्रभे, एवढ्या घरात एकटी काय करशील? ते आपण चालवायला देऊ. तू इकडे मागच्या खोलीत राहा. ऊबही राहील, सोबतही राहील."

आईनं पोळी लाटता लाटता हात थांबवला. मी म्हटलं, "बाबा, ते आत्याचं घर आहे."

"कुणी नाही म्हटलंय? पण घर जमिनीवर असतं ना? जमीन कुणाची, हे तो माणूस विचारणारच. कागद माझ्याच नावाचा होणार."

मला वाटलं आत्या ताटावरून उठेल. ती आमटीत पोळी कुस्करत म्हणाली, "चालेल, दादा. कधी करायचा कागद?"

"येत्या गुरुवारी येतोय तो."

"मग गुरुवारीच करू."

गुरुवारी मी मुद्दाम रजा काढून आले. आत्याच्या बाजूनं भांडायला आले होते. एस.टी.तून उतरले तर माळाकडून कौलांचा खडखडाट ऐकू येत होता. धावत गेले. घराला छप्पर नव्हतं. पुंडलिक मेस्त्रींची माणसं वरचे ओंडके खुंट्या काढून मोकळे करत होती आणि खाली दोन ट्रक उभे होते. ओंडका ट्रकच्या हौद्यात सरकला की नेमका बसत होता, बोटभरही बाहेर येत नव्हता. पंधरा फूट. आत्या पदर खोचून उभी होती आणि ओंडक्यांच्या टोकांवरच्या लाल खुणा बघून कुठला आधी चढवायचा ते सांगत होती.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच हॉटेलवाल्याला आणायला आंबोलीला गेले होते, ते रस्त्यातच गाडीतून उतरून पळत आले. मागोमाग हॉटेलवाल्याची गाडी येऊन थांबली.

"प्रभे! काय चालवलंयस हे?"

"घर नेतेय."

"नेतेय म्हणजे? कुठं?"

"आजऱ्याच्या रस्त्याला एक तुकडा घेतलाय मी. तिथं."

"जागा माझी आहे!"

"तुझीच आहे. तिला मी बोटही लावत नाही. झाडं माझी, पंचांसमोर तूच सांगितलंस. कौलं माझी, चिरे माझे. जमिनीत पुरलेलं असं ह्या घरात काहीच नाही. शोध, सापडलं तर ठेवून घे."

बाबांचा चेहरा असा झाला की मी तोंड फिरवलं. हॉटेलवाला गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून त्यानं एकदा पाहिलं आणि ड्रायव्हरला काही सांगितलं. गाडी वळली.

खेपा करत करत संध्याकाळपर्यंत चिरेही गेले. माळावर उरला मातीचा एक चौकोन. आत्यानं खराटा मागवला आणि तो चौकोन स्वतः झाडून काढला. खराटा बाबांच्या पायाशी ठेवून ती ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

मी दाराला धरून उभी राहिले. मला राग आला होता, आणि तो तिचाच आला होता. "आत्या, हे तू पहिल्या दिवसापासून ठरवलं होतंस. माझ्याकडून नकाशा काढून घेतलास तो ह्यासाठी. बाबा असं करतील हे तुला आधीच ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं. अंदाज होता."

"आणि त्यांनी नसतं केलं तर?"

"तरी नेलं असतं," ती म्हणाली. "पूजेला ये."

गावात बाबांची महिनाभर चेष्टा झाली. ते शाळेच्या कट्ट्यावर जायचे बंद झाले. माझ्याशी बोलत नव्हते. नकाशा माझा होता ना. मग एका सकाळी आत्या नारळ घेऊन दारात उभी. अंगावर कडक कॉटनची साडी, चेहऱ्यावर काहीच झालं नसल्यासारखा भाव.

"दादा, झालं ते झालं. वास्तुशांत ठेवलीय. मी एकटी बाई, पूजेला कोण बसणार? तू आणि वहिनी बसा. शेवटी माझ्यामागं ते घर कुणाचं आहे?"

बाबांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. मी ते पाहिलं, आत्यानंही पाहिलं. त्यांनी नारळ घेतला.

नवं ठिकाण रस्त्याच्या वळणावर होतं. घर तसंच्या तसं उभं राहिलं होतं, जणू जन्मापासून तिथंच आहे. सगळे नातेवाईक आले होते, चिवेघोळची निम्मी वाडी आली होती, दवाखान्यातल्या तिच्या जुन्या मैत्रिणी आल्या होत्या. मधल्या खोलीत बाबा पीतांबर नेसून पाटावर बसले, शेजारी आई. भटजींनी संकल्प सांगितला, बाबांनी ताम्हणात पाणी सोडलं. ते बरेच दिवसांनी ताठ बसले होते.

तेवढ्यात दारात एक वयस्कर जोडपं आलं. गृहस्थ उंच, कपाळ मोठं, हातात पिशवी. बाई काठी टेकत चालत होत्या. आत्यानं त्यांना हाताला धरून आणलं आणि पूजेच्या अगदी समोर खुर्च्या दिल्या.

"दादा, ओळखलंस का ह्यांना?"

बाबांनी पाहिलं. ओळख पटली नाही.

"अनंत केळुसकर. मिरजेला आमच्या दवाखान्यात रक्त तपासायचे. आपल्या घरी येऊन गेलेत एकदा. तुझ्याकडे. माझ्याबद्दल बोलायला."

बाबांचा हात फुलांच्या परडीत होता, तो तिथंच राहिला.

"निवृत्तीच्या आधी वॉर्डात एक पेशंट आली," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ह्यांची पत्नी. हे तिला घेऊन आले. मला ओळखलं आणि पहिलं काय विचारलं असेल? सांगा ना, केळुसकर."

"जाऊ द्या, सिस्टर," केळुसकर खाली बघत म्हणाले.

"मी सांगते," काठीवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक पण स्वच्छ होता. "ह्यांनी विचारलं, तुमच्या फिटा थांबल्या का हो?"

बाहेर स्वयंपाकाच्या मांडवात पातेल्याचा आवाज झाला.

"मला जन्मात फिट आली नाही," आत्या म्हणाली. "दादानं ह्यांना सांगितलं, बहिणीला फिटा येतात, लपवून लग्न लावून देणं माझ्या जिवाला पटत नाही. आणि मला सांगितलं, केळुसकरांचं दुसरीकडे ठरलंय, त्यांचं नाव काढू नकोस. मी लाजेनं बदली मागून घेतली. ह्यांना तोंड दाखवलं नाही. बरोबर आहे ना, दादा? काही चुकलं तर सांग."

बाबा उठायला लागले. भटजींची पोथी थांबली होती.

"भटजी, यजमानाला मधेच उठता येतं का?"

भटजी चाचरले. "नाही... संकल्प सोडलाय. पूजा पुरी व्हायला हवी."

"मग बस, दादा," आत्या म्हणाली. "पूजा नीट सांगा, भटजी. काही गाळू नका."

आणि बाबा बसले. होमाचा धूर, आहुत्या, आरती, सगळं होईपर्यंत बसले. चारी बाजूंनी गाव त्यांच्याकडे बघत होतं. आई रडत होती आणि प्रत्येक आहुतीला त्यांच्या हाताला हात लावत होती. आत्या दाराशी उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. तिनं पापणी हलवलेली मला आठवत नाही.

आरती झाल्याबरोबर बाबा न जेवता बाहेर पडले. मी त्यांच्या मागं वळणापर्यंत गेले. वडापच्या जीपची वाट बघत आई दगडावर बसली होती, बाबा उभे होते. पूजा चालू असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दोन वर्षांपूर्वी तिलारीच्या कालव्यावरचा एक ओव्हरसियर, सुहास, आई-वडिलांना घेऊन आमच्याकडे आला होता. त्याची आई जाताना माझ्या बांगडीचं माप विचारून गेली होती. त्यानंतर त्यानं मला एक फोनही केला नाही. बाबा म्हणाले होते, "मुलगी नोकरी करते ते त्यांना खपत नाही."

"बाबा, सुहासच्या घरच्यांना तुम्ही काय सांगितलंत?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, नाही म्हणावं असंही वाटत होतं.

"वाईट काही सांगितलं नाही."

"काय सांगितलंत?"

"तुझं एकदा ठरून मोडलंय, एवढंच. अशा गोष्टी लोक धरून बसतात, त्याला मी काय करू?"

"का सांगितलंत पण?"

"संदेशचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं," ते म्हणाले. चिडून नाही. मला एवढंही कसं कळत नाही, अशा सुरात म्हणाले. "तुझा पगार थांबून चाललं असतं का?"

वडाप आली. आई चढली. बाबा चढले आणि आत सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली. मी चढले नाही. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मी हातानंच जा म्हटलं. त्यानंतर चिवेघोळला मी गेले ती पाहुणीसारखीच, सणाला जाऊन संध्याकाळी परत. घरी पगार पाठवला नाही. बाबा आणखी नऊ वर्षं जगले. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी विषय काढला नाही.

मी परत आले तेव्हा पंगत बसली होती. आत्या स्वतः भात वाढत होती. मला बघून तिनं वाढणं थांबवलं.

"विचारलंस?"

तिनं काय विचारायचं ते कधी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली.

"काय म्हणाला?"

"संदेशचं शेवटचं वर्ष होतं, म्हणाले."

आत्यानं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"माझ्या वेळी त्याचं स्वतःचं शेवटचं वर्ष होतं," ती म्हणाली. "बस. जेवून घे."

मी केळुसकरांच्या बायकोशेजारी पानावर बसले. मी भात दोनदा मागून घेतला.